बोटांच्या टोकांतले गुपित

गिटार म्हटली की आपल्याला गोव्याचा किनारा आठवतो, नाहीतर हिंदी चित्रपटातला गाणारा नायक. कॉलेजच्या गॅदरिंगमुळे आणि पार्ट्यांमुळे हे वाद्य इतके ओळखीचे झाले आहे की, त्याला आजचे रूप कुणी दिले असेल हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. पण रंगमंचावर एकट्याने बसून वाजवली जाणारी, रुंद मानेची, मऊ आणि भरीव आवाजाची जी अभिजात स्पॅनिश गिटार आहे, तिचे माप, तिचा आकार आणि तिच्या पोटातली रचना बव्हंशी एकाच माणसाची आहे. तो राजवाड्यातला कलावंत नव्हता की संगीताचा पंडितही नव्हता. तो सुतार होता आणि त्याचे बरेचसे आयुष्य देणी चुकवण्यात गेले. त्याचे नाव आंतोनियो दे तोरेस.

स्पेनच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी आल्मेरिया नावाचे शहर आहे. त्याच्या शेजारच्या एका खेड्यात १३ जून १८१७ रोजी तोरेसचा जन्म झाला. वडील करवसुलीचे काम करीत. घरची परिस्थिती बेताची, तेव्हा बाराव्या वर्षीच मुलाला सुताराच्या हाताखाली घातले. पुढे १८३३ मध्ये स्पेनमध्ये गादीच्या वारसाहक्कावरून यादवी सुरू झाली आणि तरुणांची सक्तीने सैन्यात भरती होऊ लागली. तोरेसचाही नंबर लागला. वडिलांनी खटपट करून त्याला प्रकृतीच्या कारणावरून सोडवले. पण पुन्हा बोलावणे येण्याची धास्ती होतीच. विवाहित माणसाला भरतीतून सूट होती, म्हणून घरच्यांनी घाईघाईने लग्न उरकले. साल १८३५. नवरा अठरा वर्षांचा आणि नवरी, एका दुकानदाराची मुलगी हुआना मारिया, अवघी तेरा वर्षांची.

लढाई टळली, पण संसाराची लढाई सुरू झाली. तीन मुली झाल्या, त्यातल्या दोन गेल्या. १८४५ मध्ये हुआना मारियाही क्षयाने गेली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. अठ्ठाविसाव्या वर्षी तोरेस विधुर झाला. पदरात एक मुलगी आणि डोक्यावर देणी. माझी नोकरी बँकेत झाली. भिवंडीसारख्या मागांच्या गावात कारागिरांची कर्जप्रकरणे डोळ्यांखालून जात. माग तारण ठेवता येतो, घर तारण ठेवता येते, पण ज्या हातांवर सगळा धंदा उभा असतो, ते हात कुठल्याही फॉर्मच्या रकान्यात बसत नाहीत. तोरेसची गोष्ट वाचताना हे राहून राहून मनात येते. हात होते, पण त्या हातांचे मोल ठरायला अजून अवकाश होता.

तो सेव्हिल शहरात आला. तिथे त्याने दुकान थाटले, तेही दुसऱ्या एका गिटार करणाऱ्याबरोबर भागीत. गिटारी तो आधीपासून अधूनमधून करीत होता. पण हा पूर्णवेळचा व्यवसाय करावा, असा सल्ला त्याला १८५० नंतरच्या दशकात हुलियान आर्कास या नामांकित वादकाने दिला. आर्कासची अडचण साधी होती. त्या काळची गिटार अंगाने लहान आणि आवाजाने नाजूक असे. दिवाणखान्यात ती शोभे, पण मोठ्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचत नसे. पियानोचा तो जमाना होता आणि गिटार मागे पडत चालली होती.

तोरेसने या प्रश्नाकडे सुताराच्या नजरेने पाहिले. आपल्या सतारीला किंवा तानपुऱ्याला जशी तबली असते, तशी गिटारीची वरची फळी. तार छेडली की घोडीमार्फत ती फळी हलते, आणि ती जितकी मोकळेपणी हलेल तितका आवाज खुलतो. मग फळी पातळ हवी. पण पातळ फळी तारांच्या ताणाने वाकते. तोरेसने फळीला हलकासा फुगवटा दिला आणि आतून पंख्याच्या काड्यांसारख्या सात बारीक पट्ट्या चिकटवल्या. त्यामुळे फळी पातळ असूनही ताण सोसू लागली. गिटारीचे पोट त्याने मोठे केले आणि तारेची वाजती लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास ठेवली. आजही तेच माप प्रमाण मानले जाते. पंख्याच्या पट्ट्या ही कल्पना त्याची स्वतःची नव्हे. स्पेनच्या दक्षिणेतले कारागीर आधीपासून त्या वापरत होते. तोरेसने या सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसवला. १८५८ मध्ये सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले.

तरीही लोक म्हणत असावेत की महागडे लाकूड असले की आवाज आपोआप चांगला येतो. तोरेसने त्याला १८६२ मध्ये विलक्षण उत्तर दिले. त्याने एक गिटार केली, तिची वरची फळी नेहमीसारखी लाकडाची आणि पाठ व कडा चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

१८६८ मध्ये त्याने दुसरे लग्न केले. त्यानंतर लवकरच एक सतरा वर्षांचा मुलगा त्याच्या दुकानात आला. त्याला गिटार घ्यायची होती. तोरेसने दुकानातली एक साधी गिटार त्याच्या हाती दिली. मुलगा वाजवू लागला. ते ऐकून तोरेस आत गेला आणि काही वर्षांपूर्वी स्वतःसाठी करून ठेवलेली गिटार त्याने बाहेर आणली. तो मुलगा म्हणजे फ्रान्सिस्को तारेगा. पुढे त्याने गिटारवादनाची आधुनिक शैली घडवली आणि ती गिटार वर्षानुवर्षे वाजवली.

इतका लौकिक झाल्यावर माणसाचे भले व्हावे, असे आपल्याला वाटते. झाले उलटेच. १८७० च्या सुमारास तोरेसने सेव्हिलचे दुकान बंद केले, तो आल्मेरियाला परतला आणि तिथे चिनीमातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान टाकले. जगातला सर्वांत मोठा गिटार करणारा कपबशा विकू लागला. पाचएक वर्षांनी, दुकानातून वेळ काढून, तो पुन्हा गिटारी करू लागला. या गिटारींच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो आपला दुसरा काळ अशी नोंद करी. १८८३ मध्ये दुसरी पत्नीही वारली. त्यानंतर वर्षाला सुमारे डझनभर गिटारी करीत तो शेवटपर्यंत कामात राहिला.

त्या दिवसांत गावातला एक तरुण पाद्री त्याला कामात मदत करी. त्याने पुढे लिहून ठेवलेली एक आठवण आहे. एकदा जेवणाच्या वेळी कुणीतरी तोरेसला आग्रह केला की, हे गुपित बरोबर नेऊ नका, जगासाठी ठेवून जा. तोरेसने सांगितले की ते ठेवणे त्याच्या हाती नाही. फळी तासून योग्य झाली की नाही, हे त्याला अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी कळते, आणि बोटांची टोके कुणाला देता येत नाहीत. १९ नोव्हेंबर १८९२ रोजी तो गेला. त्याने सुमारे तीनशे वीस गिटारी केल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्यातल्या बऱ्याचशा काळाच्या ओघात हरवल्या.

पण त्याची विद्या त्याच्याबरोबर सर्वस्वी गेली नाही. माद्रिदच्या आणि पुढे जर्मनीतल्या कारागिरांनी त्याच्या गिटारी मोजल्या, त्यांचा अभ्यास केला आणि त्या बेताने नव्या केल्या. तोरेसच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी जन्मलेल्या आंद्रेस सेगोव्हियाने अशाच गिटारी वाजवून हे वाद्य जगभरच्या मोठ्या सभागृहांत नेले. आजच्या अनेक स्पॅनिश गिटारींच्या पाठी आणि कडा भारतीय शिसवाच्या असतात. आपल्या सह्याद्रीतही वाढणारे हे झाड अशा रीतीने तोरेसच्या घराण्यात जाऊन बसले आहे.

हे बोटांचे ज्ञान आपल्याला परके नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, संस्थानी काळात शस्त्रांचे काम कमी झाल्यावर, सतारी आणि तानपुरे करायला घेतले. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, वर तबली आणि शेवटी जवारी. घोडीवर कानस फिरवून जवारी काढायची ती कानाने आणि हाताने. कुठल्या पुस्तकात पाहून ती येत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, हाताचे नाही. हात टिकायचा तर शेजारी बसून, वर्षानुवर्षे पाहून शिकणारा मुलगा हवा आणि त्या मुलाचे घर त्या कामावर चालायला हवे. तोरेसच्या बोटांनी त्याला जे सांगितले ते त्याला दुसऱ्याला सांगता आले नाही, याची हळहळ वाटतेच. पण ती बोटे काही वर्षे कपबशा पुसण्यात गेली, याची हळहळ मला त्याहून अधिक वाटते.