थॉमस ब्यूइक
थॉमस ब्यूइक (ऑगस्ट, इ.स. १७५३ – ८ नोव्हेंबर, इ.स. १८२८) हे इंग्लंडमधील काष्ठकोरीवकार होते. त्यांचा हात मात्र घडला तो धातूवर. इ.स. १७६७ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, ते न्यूकॅसल येथील राल्फ बीलबी यांच्या कार्यशाळेत उमेदवारीस लागले. तेथे घड्याळांच्या पितळी तबकड्या, दारावरील पाट्या, शवपेट्यांवरील पाट्या असे सर्व कोरीवकाम येई. या राबत्याने आपले हात लोहारासारखे राठ व मोठे झाल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. तबकडीवर नाव कोरले जाई ते सहसा घड्याळजीचे. कोरणारा निनावीच राही. धातूची तीच बारीक कोरणी पुढे त्यांनी बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर चालवली. असे ठसे मजकुराच्या खिळ्यांसोबत एकाच वेळी छापता येत. ‘हिस्ट्री ऑफ ब्रिटिश बर्ड्‌स’ (१७९७, १८०४) या ग्रंथातील पक्षिचित्रे याच पद्धतीची आहेत.