डॉ. सुशीला नय्यर

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मोतीबिंदू काढून घेण्यास येणाऱ्या खेडुतांस ज्यांच्यामुळे घराजवळ नेत्रशल्यवैद्य लाभला, त्या डॉ. सुशीलाबहन नय्यर यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील कुंजाह गावी झाला. गांधीजींचे चिटणीस प्यारेलाल हे त्यांचे बंधू. दिल्लीस वैद्यकी शिकून त्या बापूंच्या सेवेत आल्या व १९४२ मध्ये आगाखान पॅलेसात त्यांच्यासमवेत बंदिवान झाल्या. सुटकेनंतर सेवाग्रामी काढलेल्या लहानशा दवाखान्याचेच १९४५ मध्ये कस्तुरबा रुग्णालय झाले.

१९६२ ते १९६७ त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९६३ मध्ये खुपरी-नियंत्रणाची राष्ट्रीय योजना निघाली. खुपरीने पापणी आत वळते, केस बुबुळावर घासत राहतात आणि अखेर दृष्टी जाते. मलम आणि तोंड धुण्यास स्वच्छ पाणी, एवढ्याने बहुधा टळणाऱ्या रोगापायी माणसे आंधळी होत! २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे जाहीर केले.

परंतु आमच्या मते त्यांचे खरे धाडस १९६९ चे. खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय! नामांकित तज्ज्ञ शहर सोडून येतील काय, ही शंका रास्तच होती. तरी त्यांनी ६० विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरविला, आणि प्राध्यापकांस खाजगी व्यवसाय वर्ज्य ठेविला. नेत्रविभागाचा तज्ज्ञ शस्त्रक्रिया करतो, विद्यार्थी शेजारी उभा राहून पाहतो, आणि मेजावर असतो तो बहुधा शेतकरी वा मजूर.

३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामीच त्यांचे देहावसान झाले.