पक्षिमित्र डॉ. सलीम अली

मी आज डॉ. सलीम अलींची माहिती लिहीत आहे. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. मामांनी त्यांना वाढवले. पुढे ते पक्ष्यांचे शास्त्र शिकायला जर्मनीला गेले. १९३० साली परत आले, तर हातची नोकरी गेलेली! मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे झाडावर सुगरणीचे पुष्कळ खोपे होते. भर पावसाळ्यात तासनतास बसून त्यांनी ते पाहिले.

आपण सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की मादी येऊन पारखते. तिला पसंत पडला तरच तो पुरा करतो. मग लगेच दुसरा विणायला घेतो! या अभ्यासाने सलीम अलींचे नाव झाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते वारले.

मला वाटते, पाखरे बघणे हा रिकामा उद्योग नाही. आमच्या विहिरीवरच्या बाभळीलाही खोपे लागतात. शोभेसाठी ते तोडू नका, आत अंडी-पिल्ले असतात. लांबूनच बघा आणि वहीत लिहून ठेवा.