एरंडेलातून वेगाकडे : लॉर्ड वेकफिल्ड

पेडणे-डिचोलीच्या परिसरात आपसूक रुजणाऱ्या एरंडाचे मोटार शर्यतींशी नाते जोडले ते चार्ल्स वेकफिल्ड या इंग्रज उद्योजकाने. १८५९ साली लिव्हरपूल येथे जन्मलेल्या वेकफिल्ड यांनी तेल कंपनीतील नोकरी सोडून १८९९ मध्ये लंडनला स्वतःची वंगण कंपनी काढली. तापलेल्या इंजिनातही एरंडेलाचा थर टिकतो, हा गुण हेरून कंपनीने ते वंगणात मिसळले. एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून १९०९ मध्ये ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव रूढ झाले.

वंगणाची परीक्षा शर्यतीत होते आणि विक्रमासारखी दुसरी जाहिरात नाही, हे वेकफिल्ड यांनी ओळखले होते. हेन्री सीग्रेव्ह, माल्कम कॅम्पबेल या विक्रमवीरांना त्यांनी आश्रय दिला. १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणाऱ्या एमी जॉन्सन यांच्या विमानाच्या खर्चातही त्यांचा वाटा होता. विक्रमी गाड्यांची छायाचित्रे जाहिरातींतून घरोघरी पोहोचली.

त्या छायाचित्रांत जोखीम मात्र दिसत नसे. १३ जून १९३० रोजी वेकफिल्ड यांच्या पैशांतून बांधलेल्या ‘मिस इंग्लंड २’ या नौकेने विंडरमियर सरोवरात जलवेगाचा विक्रम केला. पाठोपाठ नौका उलटली. सीग्रेव्ह व एक अभियंता प्राणास मुकले. नौका दुरुस्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिने, दुसऱ्या चालकाच्या हाती, नवा विक्रम केला.

लंडनचे महापौरपद भूषविलेले, दानशूर म्हणून ख्यातकीर्त वेकफिल्ड १९४१ मध्ये निवर्तले. कंपनीचे नाव मिरवणाऱ्या आजच्या प्रत्येक शर्यतीच्या गाडीमागे त्यांनी रुळवलेला व्यवहार आहे : पैसा प्रायोजकाचा, प्राण चालकाचा.