न हलणारा प्रतिस्पर्धी : बाळंभटदादा देवधर

बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरण्याआधी आम्हा कॅडेटना वजनकाट्यावर उभे राहावे लागते. ४८ किलोच्या मुलाला ७० किलोच्या मुलासमोर कोणी उभे करत नाही. हा नियम योग्यच आहे. पण रणांगणावर वजनगट नसतात. समोरचा थोराड असला तरी माघार घेता येत नाही. मग कमी ताकदीच्या माणसाने काय करायचे? या प्रश्नाचे एक उत्तर सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पुण्यात मिळाले. ते शोधणाऱ्याचे नाव बाळंभटदादा देवधर. आज मल्लखांब म्हणून जो खेळ आपण पाहतो, त्याचे ते आद्य गुरू मानले जातात.

माझे घर बेंगळुरूला बनशंकरीत आहे. तिथल्या माझ्या मित्रांना चिनी कुंग फूचे सिनेमे पाठ आहेत. डोंगरावरचा म्हातारा गुरू आणि बोटाच्या स्पर्शाने उडून पडणारा राक्षसी पैलवान त्यांना ठाऊक आहेत. पण अशीच कथा मराठीतही आहे, आणि तिच्यातला गुरू खरोखर होऊन गेला, हे त्यांना सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणून हा लेख.

दुसरा बाजीराव १७९६ साली पेशवा झाला. तेव्हा मराठी राज्याचा दरारा होता, पण आतून ते पोखरले होते. १८०० मध्ये नाना फडणवीस वारले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्यावर चाल करून पेशव्याच्या फौजेचा पराभव केला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला आणि कंपनीचे किमान ६,००० शिपाई आपल्या रक्षणासाठी ठेवून घेतले. म्हणजे राज्य मराठ्यांचे आणि जोर दुसऱ्याचा, अशी अवस्था झाली. बाळंभटदादांचा काळ हा असा होता. ते बाजीरावाच्या पदरी होते आणि पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या मंडळींना व्यायाम शिकवत होते.

त्यांची कथा आखाड्यातली मुले आजही ऐकतात. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्यात आले. त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. पुण्यात एकाहून एक पैलवान होते, पण पुढे व्हायला कोणी धजेना. आव्हान न स्वीकारता त्या दोघांना परत पाठवणे म्हणजे दरबाराची नामुष्की होती. अशा वेळी तरुण बाळंभट उभे राहिले. त्यांनी आव्हान घेतले, पण लगेच लंगोट कसला नाही. त्यांनी मुदत मागितली.

मला या कथेत हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भर दरबारात मुदत मागायला धैर्य लागते. लोक त्याला भित्रा म्हणू शकतात. पण आहे त्या तयारीवर आपण हरणार, हे बाळंभटांनी ओळखले आणि तयारीच बदलायचे ठरवले.

कथा पुढे सांगते की ते नाशिककडच्या वणीच्या सप्तशृंगगडावर गेले. अठरा हातांत आयुधे घेतलेली देवी तिथे कड्याच्या पोटात उभी आहे. बाळंभटांनी तिथे अनुष्ठान मांडले. देवीने त्यांना हनुमंताकडे सोपवले, आणि हनुमंताने वानराच्या रूपात लाकडाच्या खांबावर एकेक पकड करून दाखवली. बाळंभटांनी त्या पकडींचा सराव केला आणि ते पुण्याला परतले. आखाड्यात त्यांनी अलीला चीत केले. ते पाहून गुलाबने कुस्ती न खेळताच हार मानली.

आता ही कथा अक्षरशः खरी मानायची का? इथे चीनचे उदाहरण उपयोगी पडते. तिकडे ताई ची नावाची युद्धकला आहे. बाहेरच्या स्नायूंच्या जोरापेक्षा श्वास, तोल आणि मन यांवर तिचा भर असतो, म्हणून तिला अंतर्गत कला म्हणतात. तिची कथा अशी : वुडांग पर्वतावर चांग सानफंग नावाचा साधू राहत होता. त्याने एकदा पक्षी आणि साप यांची झुंज पाहिली. पक्षी चोच मारी आणि साप दर वेळी अंग वळवून ती चुकवी. त्यावरून साधूला ताई ची सुचली. १९३० च्या दशकात तांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकाने या कथेचा पाठपुरावा केला. तो हनान प्रांतातल्या चेनजियागोऊ या खेड्यात गेला आणि तिथल्या चेन घराण्याच्या नोंदी त्याने तपासल्या. ही कला सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग नावाच्या एका लढवय्याने रचली असावी, असे मत त्याने मांडले.

आपल्याकडेही असेच आहे. खांबावर कसरत करण्याची कल्पना बाळंभटांच्या आधीची आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या व्यायामाच्या वर्णनात खांबाचा उल्लेख येतो. या राजाची राजधानी कल्याण, म्हणजे आजच्या कर्नाटकातले बसवकल्याण. म्हणजे वणीच्या डोंगरावर हा खांब पहिल्यांदा उभा राहिला नाही. बाळंभटदादांचे श्रेय वेगळे आहे. मागे पडलेली ही साधना त्यांनी पुन्हा उभी केली, तिला क्रम दिला आणि शिष्य तयार केले.

पण अभ्यासक काहीही म्हणोत, दोन्ही कथांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. कठीण प्रसंगी शिकणारा माणूस आपल्याहून बलवान माणसाकडे पाहत नाही, प्राण्याकडे पाहतो. साप पक्ष्यापेक्षा बलवान नाही. वानर पैलवानापेक्षा वजनाने कितीतरी कमी असते. सप्तशृंगगडावर आजही वानरे भरपूर आहेत. वानर झाडावर कसे चढते ते नीट पाहिले तर कळते की ते नुसते हातांनी स्वतःला ओढत नाही. त्याचे पाय हातांइतकेच पकड घेतात, आणि एक पकड सोडण्याआधी दुसरी पक्की झालेली असते. बाळंभटदादांनी देव पाहिला की वानर पाहिले, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यांनी बारकाईने पाहिले, एवढे मात्र त्यांच्या कलेवरून नक्की सांगता येते.

ही कला समजून घ्यायची तर आधी खांब समजून घ्यावा लागतो. तो सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीत घट्ट पुरलेला, खाली जाड आणि वर निमुळता. त्याच्या तीन भागांना अंग, मान आणि बोंड म्हणतात. त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे कातडी सोलवटत नाही. मल्लाने या खांबालाच प्रतिस्पर्धी मानायचे. डोके खाली आणि पाय वर करून मांड्यांनी घातलेली पकड म्हणजे अढी. स्वतःचाच हात आणि खांब यांच्या फटीतून अंग ओवून काढणे म्हणजे सुईदोरा. खांबाला वळसे घेत वर सरकणे म्हणजे वेल. हात सोडून नुसत्या अंगाच्या पकडीवर राहणे म्हणजे फरारा. याशिवाय तेढ्या, बगल्या, दसरंग, फिरक्या आणि आसने आहेतच.

जोडीदाराबरोबर कुस्ती करताना तो कधी दमतो, कधी चुकतो, कधी मुद्दाम हार मानतो. खांब यातले काहीच करत नाही. तो ढकलत नाही आणि हटतही नाही. त्यामुळे आपण घसरलो तर दोष आपल्याच पकडीचा, तोलाचा किंवा श्वासाचा असतो. नवा मुलगा उलटा झाला की भीतीने श्वास रोखतो, खांदे ताठ करतो आणि सगळा जोर हातांत आणतो. मग तो लगेच थकतो. मुरलेला मल्ल गरज असेल तिथेच आवळतो आणि बाकीचे अंग सैल ठेवतो. ताई चीचे तत्त्वही हेच आहे. तिथे समोरच्याचा जोर अंगावर न घेता वळवायचा असतो, इथे स्वतःच्याच वजनाला पकडीच्या कामाला लावायचे असते. दोन्हीकडे ताकद लागतेच, पण ती कुठे वापरायची नाही हे आधी शिकावे लागते.

आमच्या अडथळ्यांच्या मैदानावरचा उभा दोर हे ज्याला पटवून घ्यायचे आहे त्याच्यासाठी उत्तम जागा आहे. दंड फुगलेले काही कॅडेट अर्ध्यावर थांबतात, कारण ते फक्त हातांनी वर खेचतात. तेवढ्यात एखादा किरकोळ मुलगा पावलांनी दोराला पीळ घालतो, हातांना क्षणभर विसावा देतो आणि वर पोहोचून खाली उतरतोही. मल्लखांबाचा एक प्रकार दोरावरचाच आहे. पूर्वी तो वेतावर करत. पुढे चांगला लांब वेत मिळेनासा झाला तेव्हा दोर आला.

बाळंभटदादांच्या विजयाने दरबाराची लाज राखली, पण राज्य वाचले नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली. त्याच महिन्यात पुणे पडले आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमला शरण गेला. त्याला वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा मिळाला आणि गंगेकाठच्या ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला जाऊन राहावे लागले. बाळंभटदादाही त्याच्यासोबत गेले.

तिथे कोणी आव्हान द्यायला येणार नव्हते. दरबारच उरला नव्हता. एखाद्याने आपली विद्या गुंडाळून ठेवली असती. पूर्वीच्या उस्तादांत आपला हुकमी डाव मरेपर्यंत कोणाला न सांगण्याची रीत होतीच. चेनजियागोऊच्या चेन घराण्यानेही आपली कला फार काळ घराबाहेर जाऊ दिली नव्हती. बाळंभटदादांनी मात्र परमुलखात शिकवणे चालू ठेवले. कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. बिठूर आणि काशी भागात खांब उभे राहिले. त्याच बिठूरला नानासाहेब पेशवे वाढले. मोरोपंत तांब्यांची मुलगी मनूही तिथेच लहानाची मोठी झाली. हीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. तिने आणि नानासाहेबांनी लहानपणी मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते. १८५७ साली इंग्रजांसमोर उभी राहिलेली माणसे कुठे घडली, हे पाहताना बिठूरचा तो आखाडा नजरेआड करता येत नाही.

दादांच्या शिष्यपरंपरेतून ही कला पुन्हा महाराष्ट्रात आणि गुजरातेत पसरली. बडोद्याला निघालेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत तिला जागा मिळाली. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि त्यांनी तिथे भारतीय खेळ दाखवले. मुंबईत दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराने १९२५ पासून मुलामुलींच्या पिढ्या घडवल्या. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशी खेळाडू आपल्या खांबावर अढ्या घालताना दिसले. कर्नाटकात याच खेळाला मल्लकंब म्हणतात. बागलकोटकडच्या खेड्यांतली मुले तो सुंदर करतात.

पेशव्यांचे तोफखाने गेले, वाडे जळाले, सहा हजार शिपायांचा उसना जोर तर उलटूनच अंगावर आला. टिकला तो एक लाकडी खांब. याचे कारण मला साधे वाटते. उसना जोर मालकाबरोबर जातो. अंगात मुरलेली विद्या माणसाबरोबर कुठेही जाते आणि ती दुसऱ्याला दिली तरी कमी होत नाही. आपण कॅडेट रोज सकाळी पीटीला उभे राहतो ते शरीर कमावण्यासाठी. पण हे कमावलेले खालच्या वर्गातल्या मुलाला शिकवता आले तरच ते शाळेत उरते. नाहीतर पासिंग आउटच्या दिवशी ते आपल्यासोबत गेटबाहेर जाते.

मल्लखांबाच्या आखाड्यात बहुतेक ठिकाणी हनुमानाची तसबीर असते. मुले आधी तिला हात जोडतात आणि मग खांबाला हात लावून तो कपाळाला लावतात. ज्याच्याशी झुंजायचे त्यालाच हा नमस्कार असतो. सहा वर्षांचे पोर असो की राष्ट्रीय विजेता, कोणीही त्याशिवाय खांबावर चढत नाही.

— कॅडेट, इयत्ता दहावी
बनशंकरी, बेंगळुरू