जोसेफ व्हिटवर्थ: टॉर्क रेंचवरच्या आकड्याला अर्थ देणारा माणूस

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःच्या गाडीचं इंजिन ऑइल स्वतः बदललं. यूट्यूब बघून, पार्किंगमध्ये चटई अंथरून. सगळं झालं, शेवटी ड्रेन प्लग घट्ट करायचा होता. मनात भीती एकच, ऑइल गळायला नको. म्हणून पान्यावर अजून थोडा जोर दिला. मग अजून थोडा. आणि एका क्षणी पाना अचानक हलका झाला. ज्यांच्या हाताने हे झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. आटे गेले होते, तेही अॅल्युमिनियमच्या ऑइल पॅनचे.

त्यानंतर टॉर्क रेंच घ्यायचं ठरवलं. ऑनलाइन बघायला लागलो तर प्रत्येकाखाली ±४ टक्के अचूकता असं लिहिलेलं. आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण डिग्री मेकॅनिकलची. त्यामुळे डोक्यात किडा वळवळायला लागला. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एका बोल्टसाठी एक आकडा दिलेला असतो, आणि तो पुण्यातल्या गाडीला जसा लागू तसाच गुवाहाटीतल्या गाडीलाही. हे कधी शक्य आहे? दोन्हीकडच्या बोल्टचे आटे हुबेहूब सारखे असतील तरच. मग हे सारखेपण आणलं कोणी? शोधत शोधत मी पोहोचलो जोसेफ व्हिटवर्थपाशी. आज त्याचीच गोष्ट सांगतो. टॉर्क रेंच मध्येमध्ये येत राहील.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर होते, पुढे धर्मोपदेशक झाले. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये मामाच्या सूतगिरणीत धाडलं. पुढे पोरगं भागीदार होईल असा घरच्यांचा हिशेब. पण पोराला कापसात रस नव्हता, कापूस कातणाऱ्या मशीनमध्ये होता. ती मशीन बनवायची पद्धत त्याला फारच ढिसाळ वाटायची. तीन-चार वर्षांत त्याने गिरणी सोडली आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून नोकरी धरली. १८२५ मध्ये फॅनी अँकर्सशी लग्न केलं आणि थोड्याच दिवसांत लंडन गाठलं.

लंडनमध्ये तो हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात लागला. त्या काळच्या इंजिनिअरसाठी याहून चांगली शाळा नव्हती. मॉड्स्लेकडे टेबलावर ठेवायचा एक मायक्रोमीटर होता, त्याला कारखान्यात लॉर्ड चॅन्सेलर म्हणायचे. माप बरोबर की चूक यावर वाद झाला की शेवटचा निकाल त्याचा. पुढे व्हिटवर्थ जोसेफ क्लेमंटच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथे तेव्हा काय बनत होतं? चार्ल्स बॅबेजचं डिफरन्स इंजिन! म्हणजे आमच्या धंद्याचा मूळपुरुष ज्या यंत्रासाठी झगडत होता, त्याचे भाग जिथे कापले जायचे तिथे हा काम करत होता. बॅबेज आणि क्लेमंटचं पैशांवरून फिसकटलं आणि ते यंत्र पुरं झालंच नाही, हा भाग वेगळा.

आता एक कोडं. समजा तुमच्याकडे एकही सपाट वस्तू नाही. पट्टी नाही, काच नाही, काहीच नाही. तर पूर्ण सपाट लोखंडी प्लेट कशी बनवाल? दोन प्लेट एकमेकींवर घासल्या तर त्या एकमेकींत बसतील, पण एक किंचित फुगलेली आणि दुसरी किंचित खोलगट असू शकते. भांडं आणि त्यात नेमकं बसणारं झाकण, तसं. युक्ती अशी की तीन प्लेट घ्यायच्या. पहिली दुसरीशी जुळवायची, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिन्ही जोड्या नीट बसल्या तर तिन्ही प्लेट सपाटच असणार, दुसरा पर्यायच उरत नाही. मला हे एखाद्या सुंदर अल्गोरिदमसारखं वाटतं: बाहेरचा कुठलाही संदर्भ न घेता नुसत्या आपसातल्या तुलनेतून खरं उत्तर. ही युक्ती संपूर्ण व्हिटवर्थची म्हणता येत नाही, मॉड्स्लेच्या कारखान्यात ती रुजलेली होतीच. व्हिटवर्थने केलं ते असं: प्लेट पूडने घासण्याऐवजी एका प्लेटला रंग लावायचा, दुसरी तिच्यावर टेकवायची, जिथे रंग लागेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा. कंटाळवाणं काम, पण नेमकं. १८४० मध्ये त्याने ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे ही पद्धत मांडली.

तोवर तो मँचेस्टरला परतलेला होता. १८३३ मध्ये चॉर्ल्टन स्ट्रीटवर भाड्याच्या खोलीत स्वतःचं दुकान टाकलं. पाटीवर नावापुढे टूलमेकर लिहिलं आणि आपण लंडनहून आलोय हेही लिहायला विसरला नाही. (मुंबई रिटर्न टेलर, तसंच.)

आणि मग आट्यांचं प्रकरण. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. कोणाचे खोल, कोणाचे उथळ, कोणाचे इंचात दहा, कोणाचे अकरा. लीड्सच्या मशीनचा नट हरवला तर तो लीड्सहूनच मागवायचा, नाहीतर स्थानिक मिस्त्रीकडून बोल्टसकट नवा बनवून घ्यायचा. व्हिटवर्थने देशभरातल्या वर्कशॉपमधून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याचा कोन आला ५५ अंश. मग प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे तेही ठरवलं: पाव इंची बोल्टला २०, अर्धा इंचीला १२, एक इंचीला ८. आट्याची टोकं आणि तळ दोन्ही गोलसर. १८४१ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे त्याने हा प्रस्ताव ठेवला.

ही पद्धत मला फार हुशारीची वाटते. त्याला स्वतःच्या मते सर्वोत्तम असा आटा बसून डिझाइन करता आला असता. पण मग प्रत्येक कारखानदाराला आपलं सगळं फेकून द्यावं लागलं असतं, आणि ते कोणी केलं नसतं. सरासरी काढल्यामुळे प्रत्येकाला थोडंच सरकायचं होतं. शिवाय हा आटा कापायची हत्यारं, म्हणजे टॅप आणि डाय, व्हिटवर्थ स्वतःच विकत होता. स्टँडर्ड आणि टूलकिट एकाच दुकानातून! रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि विसेक वर्षांत ब्रिटनभर तेच झालं.

त्याचा हिसका क्रिमियन युद्धात दिसला. नौदलाला घाईने ९० गनबोटींची इंजिनं हवी होती. एका कारखान्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. जॉन पेनने नमुन्याचं इंजिन खोललं, भाग वेगवेगळ्या वर्कशॉपना वाटले, आणि आलेले भाग एकत्र जोडले. ९० दिवसांत ९० इंजिनं झाली असं सांगतात. आटे एकसारखे नसते तर ते भाग एकमेकांना जोडलेच गेले नसते.

आता आपल्या टॉर्क रेंचकडे या. बोल्ट घट्ट करतो म्हणजे आपण त्याला स्प्रिंगसारखा ताणतो, आणि तो ताण दोन भागांना धरून ठेवतो. पण तुम्ही लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के खऱ्या ताणात. म्हणजे आटे गंजलेले असले, किंवा उलट त्यांना ग्रीस लागलं असलं, की रेंचवर तोच आकडा असूनही ताण वेगळाच. रेंच ±४ टक्के अचूक असला तरी प्रत्यक्ष ताण पंचवीस-तीस टक्क्यांनी इकडेतिकडे जाऊ शकतो. म्हणून मॅन्युअलमध्ये आटे कोरडे ठेवा म्हटलं असेल तर कोरडेच ठेवा. तारेच्या ब्रशने आटे साफ करणं हे महागडा रेंच घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

व्हिटवर्थचं सगळ्यात भारी यंत्र मात्र मोजमापाचं होतं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. इंचात २० आट्यांचा एक स्क्रू, त्यावर २०० दात्यांचं चाक, आणि ते फिरवणाऱ्या चकतीवर २५० रेघा. गुणाकार करून बघा: दहा लाख. चकती एक रेघ फिरवली की टोक इंचाचा दहा लाखावा भाग सरकणार. पण एवढंसं अंतर डोळ्याला कसं दिसावं? व्हिटवर्थचं म्हणणं होतं की डोळ्यापेक्षा स्पर्श जास्त नेमका. आणि हाताचा स्पर्श तरी माणसागणिक वेगळा, म्हणून त्याने मध्ये पोलादाची एक छोटी पट्टी ठेवली. पकड पुरेशी असेल तर ती अडकून राहते, रेघभर सैल झाली की स्वतःच्या वजनाने पडते. पडली किंवा नाही पडली. मध्ये काही नाही.

क्लिक टॉर्क रेंच तत्त्वाने हेच करतो. हाताला किती वाटलं हा प्रश्न काढून टाकतो आणि फक्त एक क्लिक देतो. म्हणून क्लिक ऐकू आल्यावर अजून थोडा जोर देऊ नका (हो, हे मी स्वतःलाच सांगतोय). झटका न देता सावकाश ओढा, आणि जाम झालेला नट सोडवायला हा पाना वापरू नका. घेताना पहिल्यांदा रेंज बघा. मी आधी ४० ते २०० न्यूटन-मीटरचा घेणार होतो, चाकाच्या नटांसाठी तो ठीकच होता. पण माझा ड्रेन प्लग चाळिशीच्याही खाली, म्हणजे ज्याने मला रडवलं त्याच्यासाठी तो निरुपयोगी. रोजचं काम रेंजच्या मधल्या भागात पडेल असा घ्या. दोन घ्यावे लागले तर दोन घ्या. आयएसओ ६७८९ नुसार तपासल्याचं त्याच रेंचच्या सिरियल नंबरचं सर्टिफिकेट आहे का ते बघा, आणि काम झालं की स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

व्हिटवर्थला इंचाचे अर्धा, पाव, आठवा असे तुकडे पाडणंही पटत नव्हतं. इंचाचे हजार भाग करा आणि दशांशात बोला, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे मात्र दोन्ही टिकलं. गवंडी आणि फिटर अजून सूत मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच, आणि लेथवाला थाऊ म्हणतो तो हाच इंचाचा हजारावा भाग.

सगळीकडे तो जिंकला असं नाही. सरकारने त्याला रायफलीच्या कामात ओढलं, तर त्याने षटकोनी नळीची रायफल बनवली. १८५७ च्या चाचण्यांत तिने सैन्याच्या एनफिल्डला अचूकतेत सरळ मागे टाकलं. तरी सैन्याने ती घेतली नाही. कारण किंमत फार, आणि दारूची काजळी बसून नळी लवकर भरायची. व्हिटवर्थ यावर वर्षानुवर्षं भांडत राहिला. मला वाटतं इथे सैन्याचं फार चुकलं नव्हतं. चिखलात उभ्या शिपायाला प्रयोगशाळेतलं हत्यार देऊन काय उपयोग? मग ती रायफल अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या हातात गेली आणि तिने लांबून माणसं टिपली. नेमकेपणाचं हे टोक मला अस्वस्थ करतं.

अमेरिकेत त्याच्या आट्यालाही प्रतिस्पर्धी उभा राहिला. १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशाचा, सपाट टोकांचा आटा मांडला, कारण व्हिटवर्थचे गोलसर आटे नेमके कापणं साध्या वर्कशॉपला जड जायचं. याची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली, मित्रदेशांचेच नट-बोल्ट एकमेकांत बसेनात. आज आपल्या गाडीतला मेट्रिक आटा ६० अंशाचाच आहे.

माणूस म्हणून तो हट्टी आणि तुटक होता. पण १८६८ मध्ये त्याने तरुण इंजिनिअरांच्या शिष्यवृत्त्यांसाठी मोठी देणगी दिली, वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या, आणि त्या कारागीर पोरांनाही खुल्या ठेवल्या. पुढच्या वर्षी बॅरोनेट झाला. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोमध्ये तो गेला. मागे ठेवलेल्या संपत्तीतून मँचेस्टरला व्हिटवर्थ आर्ट गॅलरी उभी राहिली आणि क्रिस्टी हॉस्पिटललाही मदत झाली.

गाडीतून त्याचा आटा गेला, पण घरातून नाही. बाथरूममधला अर्धा इंची नळ काढून बघा. आपल्याकडचे पाण्याच्या पाइपचे आटे अजूनही ५५ अंशाचे आहेत, अर्धा इंचीला इंचामागे १४. प्लंबर त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळतो आणि अंदाजाने आवळतो. तिथे टॉर्क रेंच कोणी लावत नाही.