एका सेकंदाचा उशीर

वांगी चिरली की लगेच पाण्यात टाकायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. बटाट्याचे, सफरचंदाचे, केळ्याचेही तेच. चिरून ठेवले की घटकाभरात फोडी तपकिरी पडतात. लिंबू किंवा संत्रे मात्र कापून ठेवले तरी असे काळवंडत नाही. उलट सफरचंदाच्या फोडींवर लिंबू पिळले, तर त्याही बराच वेळ पांढऱ्या राहतात. हे असे का, असा प्रश्न हट्टाने विचारणारा एक हंगेरियन डॉक्टर १९२० च्या दशकात हॉलंडमधील ग्रोनिंगेन गावी राहत होता. त्याचे नाव अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी. ‘क’ जीवनसत्त्वाचा शोध म्हणून आपण शाळेत जे एका ओळीत शिकतो, त्याची सुरुवात या साध्या प्रश्नापासून झाली.

अल्बर्टचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ चा, बुडापेस्टचा. आईच्या माहेरी शास्त्रज्ञांची परंपरा. मामा मिहाय लेनहोशेक नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ. पण लहानपणी हा भाचा इतका मठ्ठ समजला जाई, की त्याने संशोधनाचे नाव काढलेले मामांना रुचले नव्हते. पुढे १९११ मध्ये तो वैद्यकीय अभ्यासाला लागला आणि पहिल्या महायुद्धाने त्याला आघाडीवर नेले. शौर्यपदकही मिळाले. मात्र चिखलातली ती निरर्थक कत्तल पाहून त्याचे मन विटले. १९१६ मध्ये त्याने स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली, शत्रूची गोळी लागल्याचे सांगितले आणि घरी परतून पदवी पुरी केली. ही गोष्ट त्याने पुढे लपवून ठेवली नाही.

युद्धानंतर हंगेरीचे तुकडे झाले. प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडेन असे करत बायको-मुलीसह हे बिऱ्हाड ग्रोनिंगेनला पोचले. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या की माणसाची कातडी तपकिरी पडते. या ॲडिसनच्या रोगाचा आणि काळ्या पडणाऱ्या बटाट्याचा काही संबंध असेल काय, हे तो शोधू लागला.

त्याचा प्रयोग तसा साधा होता. वनस्पतींत पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बेंझिडीन घातले की क्षणात गडद निळा रंग येतो. पण शुद्ध विकराऐवजी वनस्पतीचा रस वापरला, तर रंग किंचित उशिरा येई. उशीर फक्त एखाद्या सेकंदाचा. दुसरा कुणी याकडे काणाडोळा करता. सेंट-ग्यॉर्गीने मात्र तो सेकंद पकडून ठेवला. रसात असे काहीतरी आहे, की जे रंग तयार होताहोताच मोडून टाकते, असा निष्कर्ष त्याने काढला.

आजच्या ज्ञानाने पाहिले तर त्या सेकंदात काय घडत होते, हे नीट सांगता येते. बेंझिडीनमधला एक इलेक्ट्रॉन हिरावला गेला, की मागे उरतो तो जोडी फुटलेला कण. त्यालाच फ्री रॅडिकल किंवा मुक्त मूलक म्हणतात. तो दिसेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढू पाहतो. रसातला तो अज्ञात पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन तत्काळ देऊन ही मागणी भागवी. त्याचा साठा संपेपर्यंत रंगाला वावच नसे. उशीर किती झाला यावरून तो पदार्थ किती आहे ते कळते, आणि मुळात उशीर होतो यावरूनच तो किती चपळ आहे ते कळते. अँटिऑक्सिडंटांचा वेग मोजण्यामागची कल्पना त्या परीक्षानळीत बीजरूपाने होती.

पण त्या वेळी नशीब रुसलेलेच होते. पाठीराखे प्राध्यापक वारले. नव्या वरिष्ठांना या कामात रस नव्हता. पैसे संपले. बायको-मुलीला माहेरी धाडून त्याने जीवन संपवण्याचा विचार केला. त्याआधी एकदा शेवटचे म्हणून १९२६ मध्ये तो स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेला. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी भाषणात नेमका त्याच्याच कामाचा उल्लेख केला! भीत भीत तो त्यांना भेटला आणि थेट केंब्रिजचे आमंत्रण घेऊन परतला.

केंब्रिजमध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला. रेणुसूत्र मिळाले, कुळी शर्करेची, पण हा आहे कोण हे ठाऊक नाही. म्हणून अज्ञान सुचवणारे ‘इग्नोज’ असे नाव त्याने पाठवले. संपादकांनी ते परत केले, तेव्हा ‘देव जाणे’ अशा अर्थाचे ‘गॉडनोज’ पाठवले. अखेर १९२८ मध्ये ‘हेक्झुरोनिक ॲसिड’ या गंभीर नावाने निबंध छापला गेला.

पुढे अमेरिकेतील खाटिकखान्यांतून ग्रंथी मिळवून त्याने सुमारे २५ ग्रॅम पदार्थ जमवला आणि हंगेरीतील सेगेद विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. तेथे जोसेफ स्विर्बेली या तरुणाने गिनीपिगवर प्रयोग केले. आपल्यासारखाच गिनीपिगही हे जीवनसत्त्व शरीरात बनवू शकत नाही. रोज अवघा एक मिलिग्रॅम दिला तरी प्राण्यांना स्कर्व्ही होईना. म्हणजे हेच ‘क’ जीवनसत्त्व! मात्र एप्रिल १९३२ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स किंग यांनी हाच शोध दोन आठवडे आधी जाहीर केला. स्विर्बेली पूर्वी किंग यांच्याकडेच काम करत असे. पहिले कोण, हा वाद पुढे वर्षानुवर्षे धुमसत राहिला.

आता पदार्थ हवा होता किलोने. एका रात्री पत्नीने ताटात ताजी पाप्रिका मिरची वाढली. ती खायची इच्छा नव्हती, आणि ही तर अजून तपासली नाही, असे मनात येऊन साहेब मिरची घेऊन प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत घबाड हाती लागले होते. सेगेद हे तर पाप्रिकाचे माहेरघर. काही आठवड्यांत दीड किलो शुद्ध जीवनसत्त्व तयार झाले, ते जगभरच्या संशोधकांना वाटले गेले आणि १९३७ चे नोबेल चालून आले.

सोव्हिएत रशियाने फिनलंडवर आक्रमण केले, तेव्हा त्याने आपले नोबेल सुवर्णपदक फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकले. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूलला जाऊन दोस्तराष्ट्रांशी गुप्त बोलणी केली. नाझींना सुगावा लागल्यावर भूमिगत व्हावे लागले. १९४७ मध्ये तो अमेरिकेत वुड्स होलच्या समुद्रकाठी स्थायिक झाला. तेथे दुसरी पत्नी मार्ता १९६३ मध्ये आणि मुलगी नेली १९६९ मध्ये कर्करोगाने गेली. उरलेले आयुष्य त्याने मुक्त मूलके आणि कर्करोग यांचा संबंध शोधण्यात घालवले. तो शोध अपुराच राहिला. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, ९३ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आज इलेक्ट्रॉनांचा अतिसूक्ष्म झोत मारून मुक्त मूलके निर्माण करतात आणि त्यांचा रंग कसा विरतो, हे सेकंदाच्या दशलक्षांशात मोजतात. १९७९ मध्ये याच पद्धतीने ब्रिटनमध्ये दिसून आले, की ‘ई’ जीवनसत्त्व मूलकाला शांत करताना स्वतः खर्ची पडते आणि ‘क’ त्याला पुन्हा उभे करते. आपल्या मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हळदीतल्या कर्क्युमिनचा वेगही असाच मोजला गेला.

मात्र नळीत चपळ ठरले म्हणून गोळ्यांचा मारा करू नये. फिनलंडमध्येच सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. तो निष्कर्ष १९९४ चा. शरीर म्हणजे परीक्षानळी नव्हे. ताटातले लिंबू, आवळा, मिरची यांची जागा त्यांनाच राहू द्यावी. आणि फोडींवर लिंबू पिळताना, एका सेकंदाकडे दुर्लक्ष न करणाऱ्या त्या माणसाची आठवण ठेवावी.